वाचकांचे प्रश्न : सहायक श्वान आणि आपली वागणूक

गेल्या अंकात दृष्टिहीन व्यक्तींच्या शहरातील वावरावर जो लेख आला होता, त्यात मार्गदर्शक श्वानाचा, म्हणजे दृष्टिहीन माणसाला रस्त्यात सोबत करणाऱ्या प्रशिक्षित कुत्र्याचा, उल्लेख जेमतेम एका परिच्छेदापुरता होता. परंतु त्या परिच्छेदावरच नाशिक आणि परिसरातून इतकी पत्रे आली की या वेळचा स्तंभ त्यांच्यासाठी राखून ठेवावा लागला. उत्तरे देणारा मी पशुवैद्यक आहे, वकील नव्हे. त्यामुळे कायद्याविषयी जेवढे आवश्यक आहे तेवढेच लिहिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांची दृष्टी काचबिंदूमुळे गेली. ते अठ्ठावन्न वर्षांचे आहेत आणि घरात बसून राहणे त्यांना असह्य झाले आहे. आम्ही लॅब्रॅडॉरचे पिल्लू आणून ते एखाद्या प्रशिक्षकाकडून शिकवून घेतले, तर बाबा पूर्वीसारखे एकटे फिरू शकतील का? (एक मुलगी, पंचवटी)

आपल्या प्रश्नात जी आशा आहे ती रास्त आहे, मात्र तिचा क्रम उलटा आहे. आधी पांढरी काठी आणि मग कुत्रा, असा हा क्रम जगभर पाळला जातो, आणि त्यामागे कारण आहे. मार्गदर्शक श्वान आपल्या माणसाला इच्छित स्थळी घेऊन जातो, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात रस्ता माणसालाच ठाऊक असावा लागतो. पंचवटी कारंज्यावरून रविवार कारंज्याला जायचे आहे, वाटेत पूल कुठे लागतो, कोणत्या वळणावर डावीकडे वळायचे, हा सगळा नकाशा वडिलांच्या डोक्यात हवा. ते ‘पुढे’, ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ अशा आज्ञा देतील आणि कुत्रा त्या मार्गावरील खड्डा, उभी केलेली दुचाकी, उघडे गटार, डोक्याच्या उंचीवर लोंबणारी केबल किंवा फांदी चुकवत त्यांना नेईल. पायरी किंवा रस्त्याची कड आली की थांबेल. काठीला डोक्याच्या उंचीवरचा अडथळा कळत नाही, तेथे कुत्र्याचा खरा उपयोग आहे.

सिग्नलचेही तसेच आहे. कुत्र्याच्या डोळ्यांना लाल आणि हिरवा हा भेद नीट कळत नाही, त्यामुळे सिग्नल पाहून तो रस्ता ओलांडून देतो ही कल्पना चुकीची आहे. वाहनांचा आवाज ऐकून ओलांडण्याची वेळ माणूस ठरवतो. मात्र माणसाने ‘पुढे’ म्हटले आणि त्याच क्षणी एखादी गाडी अंगावर येत असेल, तर कुत्रा ती आज्ञा मोडून जागच्या जागी उभा राहतो. आज्ञा केव्हा पाळायची नाही, हे शिकवणे हा या प्रशिक्षणातील सर्वांत अवघड भाग आहे, आणि आवाज न करणाऱ्या विजेवरच्या दुचाकी वाढल्यापासून त्याचे मोल अधिकच वाढले आहे.

या प्रशिक्षणाचा पद्धतशीर आरंभ १९१६ मध्ये जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे, पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी झाला. १९२९ मध्ये अमेरिकेत आणि १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये त्याची केंद्रे उभी राहिली. ही पद्धत सलग पदपथ आणि ठळक कडा असलेल्या रस्त्यांवर घडली आहे, हे विसरून चालत नाही. आपल्याकडे मेन रोडवर पदपथ आणि दुकान यांची सीमा कोठे संपते हे डोळस माणसालाही सांगता येत नाही. त्यात भटक्या कुत्र्यांचा प्रश्न आहे. काम करणारा कुत्रा दोरीत असतो आणि प्रतिकार न करण्याचे शिक्षण त्याला दिलेले असते. चार-पाच कुत्र्यांनी एकदा जरी त्याला घेरले, तरी त्याचा आत्मविश्वास असा खचू शकतो की पुढे तो कामाला निरुपयोगी ठरतो.

पिल्लाविषयी स्पष्टच सांगतो. पिल्लू साधारण वर्ष-दीड वर्षाचे होईपर्यंत एखाद्या कुटुंबात माणसांची, आवाजांची आणि गर्दीची सवय करून घेते. त्यानंतर काही महिन्यांचे औपचारिक प्रशिक्षण होते आणि शेवटी कुत्रा व त्याचा माणूस यांना काही आठवडे एकत्र शिकावे लागते. निवडून पैदास केलेल्या पिल्लांपैकीही बरीचशी या कसोटीला उतरत नाहीत. त्यामुळे महिना-दोन महिन्यांत ‘गाइड डॉग तयार करून देतो’ असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. बसणे, उठणे, हात देणे शिकवणारा प्रशिक्षक आणि भर चौकात माणसाचा जीव सांभाळण्यास कुत्र्याला तयार करणारा प्रशिक्षक, हे दोन वेगळे व्यवसाय आहेत.

माझा सल्ला असा की, सातपूरला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचे, म्हणजे ‘नॅब’चे काम चालते, तेथे काठीने चालण्याच्या प्रशिक्षणाची चौकशी आधी करावी. वडील काठीच्या आधाराने दूध आणायला, बँकेत, मित्राकडे एकटे जाऊ लागले आणि तरीही त्यांना कुत्रा हवासा वाटला, तर तो विचार पुढे न्यावा. तेव्हा त्यांना हेही आवर्जून विचारा की रोज दोन वेळा कुत्र्याला बाहेर नेणे, त्याचे अंग विंचरणे, त्याची विष्ठा पिशवीत उचलणे हे सर्व स्वतः करण्याची त्यांची तयारी आहे का. दृष्टिहीन माणसे हे सर्व व्यवस्थित करतात. पण ते घरच्यांनी करायचे असे ठरले, तर कुत्र्याची निष्ठाही घरच्यांकडे वळते.

प्रश्न : कॉलेज रोडवरील एका दुकानात हार्नेस (हातात धरायची मूठ असलेला अंगपट्टा) घातलेला कुत्रा घेऊन एक बाई आल्या होत्या. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तर त्या ‘कृपया हात लावू नका’ असे जरा तोडूनच म्हणाल्या. मी प्राणिप्रेमी आहे. त्यात माझे काय चुकले? (एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड)

हेतू चुकला नाही, वेळ चुकली. हार्नेस अंगावर आहे याचा अर्थ कुत्रा कामावर आहे. अशा वेळी त्याला हात लावणे, चुचकारणे, खायला देणे आणि डोळ्यांत डोळे घालून त्याच्याकडे पाहत राहणे, या चारही गोष्टी त्याचे लक्ष मोडतात. दुकानात कदाचित काही बिघडले नसते. परंतु पायरीपाशी किंवा रस्त्याच्या कडेला ते लक्ष क्षणभर उडाले, तर पडते ते माणूस. शिवाय त्या बाईंना तुम्ही दिसला नसाल. आपल्या कुत्र्यावर कोणा अनोळखी माणसाचा हात आहे हे त्यांना हार्नेसच्या हिसक्यावरून कळले असेल, आणि अशा प्रसंगी स्वर तुटक होणे स्वाभाविक आहे. दिवसभरात हेच वाक्य त्यांना किती वेळा उच्चारावे लागत असेल, याचाही विचार करावा.

बोलायचे ते माणसाशी. जवळ जाऊन साध्या आवाजात स्वतःची ओळख द्यावी, ‘मदत हवी आहे का?’ असे विचारावे आणि ‘नको’ म्हटले तर तेथेच थांबावे. ‘हो’ म्हटले, तर आपला कोपर पुढे करावा म्हणजे त्या तो स्वतः धरतील. त्यांचा दंड, हार्नेस किंवा दोरी आपण धरू नये. हार्नेस बहुधा डाव्या हातात असते, म्हणून उजव्या बाजूने जाणे सोयीचे. वाहनचालकांसाठी एक गोष्ट मला विशेष ठळकपणे सांगावीशी वाटते. अशी जोडी रस्ता ओलांडताना दिसली की आपल्याकडे लोक थांबतात आणि ‘जा, जा’ या अर्थी हॉर्न वाजवतात. त्या हॉर्नमुळे, ज्या आवाजांवरून ती व्यक्ती वाहतुकीचा अंदाज घेत असते, तेच बुडून जातात. थांबावे आणि गप्प राहावे.

कुत्र्याला खाऊ घालण्याचे समर्थन करताना पोळी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा अनेक जण सांगतात. ती कथा मलाही प्रिय आहे. परंतु तो कुत्रा त्या वेळी कोणा दृष्टिहीन माणसाला घेऊन रस्ता ओलांडत नव्हता. ज्याला बाहेरच्या माणसाकडून एकदा खाऊ मिळाला, तो कुत्रा पुढे प्रत्येक टपरीपाशी रेंगाळतो, आणि त्याची सवय मोडण्यात त्याच्या माणसाचे महिने जातात.

तुमच्यासोबत स्वतःचा पाळीव कुत्रा असेल, तर दोरी आखूड धरून अंतर ठेवावे. ‘आमचा काही करत नाही, दोघांची ओळख होऊ द्या’ हा आग्रह तर मुळीच करू नये.

प्रश्न : माझे मिसळीचे हॉटेल आहे. गेल्या महिन्यात एक ग्राहक कुत्रा घेऊन आले आणि तो ‘सर्व्हिस डॉग’ (दिव्यांगांना मदत करण्यास शिकवलेला सहायक श्वान) असल्याचे म्हणाले. इतर ग्राहक कुरकुरले. मी त्यांना परत पाठवले, पण ते मनाला लागून राहिले आहे. काय करायला हवे होते? (एक हॉटेलचालक, गंगापूर रोड)

तुमची अडचण खरी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सहायक श्वानाचा नावाने उल्लेख नाही, आणि खाद्यगृहांच्या स्वच्छतेचे नियम प्राण्यांना खाद्यपदार्थांच्या जागेपासून दूर ठेवण्यास सांगतात. मात्र त्याच अधिनियमात दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करण्यास मनाई आहे, आणि व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने वावरता यावे म्हणून वाजवी ते फेरफार करून सोय करून देण्याची संकल्पनाही आहे. या दोन्हींचा मेळ घालणे तुमच्यासारख्या हॉटेलात अवघड नाही. नाशिकची कितीतरी मिसळीची ठिकाणे झाडाखाली, अंगणात, मोकळ्या हवेत टेबले मांडतात. स्वयंपाकघर आणि वाढपाच्या वाटेपासून दूर असे कडेचे एक टेबल अशा ग्राहकाला द्यावे. प्रशिक्षित कुत्रा टेबलाखाली, पायाशी निजून राहतो. तेथे तो आहे हे शेजारच्या टेबलाला बहुधा कळतही नाही.

तो खरोखर सहायक श्वान आहे की नाही, हे कसे ओळखावे, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेत दुकानदाराला दोनच गोष्टी विचारता येतात : हा कुत्रा दिव्यांगत्वामुळे आवश्यक आहे का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे. आजार कोणता, कागदपत्रे कोठे, करून दाखवा पाहू, हे विचारता येत नाही. तो कायदा येथे लागू नाही, पण प्रश्न विचारण्याची ही रीत उचलण्याजोगी आहे. ‘मला फेफरे येते आणि तेव्हा तो मदत बोलावतो’ किंवा ‘मला ऐकू येत नाही, हाक मारली की तो मला सांगतो’ असे उत्तर आले, तर पुढे चौकशी नको. दिव्यांगत्व डोळ्यांना दिसेलच असे नसते. आपल्या अधिनियमात नमूद केलेल्या एकवीस प्रकारांपैकी कितीतरी वरून दिसत नाहीत.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कुत्रा भुंकत असेल, टेबलावर नाक घालत असेल, शेजाऱ्यावर गुरगुरत असेल आणि त्याचा माणूस त्याला आवरत नसेल, तर कुत्र्याला बाहेर नेण्यास सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. अमेरिकेतही तो आहे. तेव्हाही त्या ग्राहकाला कुत्र्याविना आत बसण्याची किंवा मिसळ बांधून नेण्याची मुभा द्यावी. कुरकुरणाऱ्या ग्राहकांची समजूत काढण्याचे काम मालकाचे आहे, कुत्रा घेऊन आलेल्या माणसाचे नव्हे. परत पाठवलेल्या ग्राहकांशी संपर्क होण्याजोगा असेल, तर तुम्ही स्वतः होऊन त्यांना बोलवावे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत एका सदनिकेत दृष्टिहीन भाडेकरू कुत्र्यासह राहायला आले आहेत. सर्वसाधारण सभेत बहुमताने कुत्र्याला लिफ्टमध्ये बंदी घालण्याचा ठराव झाला आहे. सचिव म्हणून मी तो राबवावा का? (एक सचिव, इंदिरानगर)

राबवू नये. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार साध्या पाळीव कुत्र्यावरही सोसायटीला बहुमताने बंदी घालता येत नाही आणि त्याला लिफ्टचा वापर नाकारता येत नाही. येथे तर प्रश्न दृष्टिहीन रहिवाशाच्या वावराचा आहे. कुत्र्याला जिन्याने आणि माणसाला लिफ्टने जाण्यास सांगणे, म्हणजे ज्याच्या आधाराने तो चालतो तो आधारच दारात काढून घेणे होय. प्रकरण चिघळले, तर त्यांना पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे दाद मागता येते. आणि कोणी चारचौघांत मुद्दाम त्यांचा पाणउतारा केला, तर अधिनियमाच्या कलम ९२ खाली तो सहा महिने ते पाच वर्षे कारावासाचा गुन्हा ठरू शकतो, हेही सभासदांच्या कानावर घालावे.

मात्र भाडेकरूंकडून काही अपेक्षा ठेवणे योग्यच आहे : महानगरपालिकेची नोंदणी, रेबीजच्या वार्षिक लसीचा दाखला, सामाईक जागेत कायम दोरी आणि विष्ठा उचलण्याची शिस्त. ज्या सभासदांना कुत्र्याची भीती वाटते त्यांनी लिफ्टची पुढची फेरी घ्यावी, किंवा भाडेकरूंना तसे सांगावे म्हणजे ते थांबतील. अशी तडजोड दोन माणसे दारात उभे राहून करू शकतात. तिच्यासाठी ठरावाची गरज नसते.

प्रश्न : शेजारच्या मुलाचा कुत्रा फार गुणी आहे. द्राक्षांच्या हंगामात आमच्या बागेतली चार द्राक्षे त्याला दिली तर चालतील ना? (एक आजी, दिंडोरी तालुका)

आजी, अजिबात देऊ नका. द्राक्षे आणि बेदाणे खाल्ल्याने कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होतील याचे खात्रीचे प्रमाण सांगता येत नाही. एखाद्याला थोडीही बाधतात. कांदाही तसाच वाईट, कच्चा असो वा शिजवलेला, कारण त्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे नाशिक जिल्हा ज्या दोन पिकांसाठी देशभर ओळखला जातो, ती दोन्ही कुत्र्याला वर्ज्य आहेत. चॉकलेट आणि बिनसाखरेचे च्युइंगगमही या यादीत घाला. चुकून खाल्लेच, तर उलटी किंवा सुस्ती दिसण्याची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यायला सांगा.

प्रश्न : ऑनलाइन ‘सर्व्हिस डॉग’ असे छापलेले जाकीट मिळते. आमच्या पग जातीच्या कुत्र्याला ते घातले तर मॉलमध्ये अडवणार नाहीत. कोणाचे नुकसान तर होत नाही! (एक वाचक, नाशिक रोड)

नुकसान होते, आणि ते ज्याचे होते तो तुमच्यासमोर उभा नसतो. तुमचा पग मॉलमध्ये कोणावर तरी भुंकेल, सरकत्या जिन्यापाशी बिथरेल किंवा कोपऱ्यात पाय वर करेल. त्या दिवसापासून तेथील सुरक्षारक्षक जाकीट घातलेल्या प्रत्येक कुत्र्याला हुसकावून लावील, आणि त्यात एखाद्या दिवशी खरोखर गरज असलेला माणूस असेल. आपल्याकडे या कुत्र्यांसाठी कायद्याने ठरवून दिलेले ओळखपत्र नसल्यामुळे सारा व्यवहार एकमेकांच्या शब्दावरच्या विश्वासावर चालतो. तो विश्वास काही शे रुपयांच्या जाकिटासाठी खर्च करण्याचा अधिकार तुम्हाला नाही. पगला मॉलचे आकर्षणही नसते. त्याला गोल्फ क्लब मैदानाच्या बाजूला सकाळी फिरवून आणा.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला अपस्मार आहे. फेफरे येण्यापूर्वीच कुत्रे ते ओळखतात असे वाचले. असा कुत्रा शिकवून मिळतो का? (एक आई, सिडको)

काही कुत्रे आपल्या माणसाला झटका येण्यापूर्वी अस्वस्थ होतात, असे अनेक कुटुंबे सांगतात. परंतु हे आधी ओळखणे खात्रीने शिकवता येत नाही. कोणी तशी हमी देत असेल तर सावध व्हावे. शिकवता येते ते झटका आल्यानंतरचे वर्तन : भुंकून घरच्यांना बोलावणे, मुलाच्या शेजारी निजून राहणे, ठरावीक बटण दाबणे, फोन आणून देणे. याचा उपयोग रात्रीच्या वेळी मोठा आहे. मात्र कुत्रा आला म्हणून औषधाची एकही गोळी चुकवू नये आणि मेंदूविकारतज्ज्ञांना न विचारता कोणताही बदल करू नये. रक्तातील साखर कमी-जास्त झाल्याची सूचना देणाऱ्या, मधुमेहींसाठीच्या कुत्र्यांविषयीही मी हेच सांगतो; ग्लुकोमीटर बाजूला ठेवण्याइतका त्यांचा भरवसा धरू नये.

शाळेत कुत्रा पाठवण्याचा विचार असेल, तर आधी मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि वर्गातील पालक यांच्याशी बोलावे. अकरा वर्षांचे मूल एकट्याने कुत्र्याला हाताळू शकत नाही. तेथे जबाबदार मोठे माणूस कोण, हे ठरल्याशिवाय पाऊल उचलू नये. आणि मुलाला झटका आल्यावर कुत्रा त्याच्या अंगाशी असेल, तर शिक्षकांनी त्याला ओढून दूर करू नये, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

प्रश्न : कार्यालयात एका सहकाऱ्याचा सहायक श्वान येणार आहे. मला लहानपणी कुत्रा चावल्यापासून प्रचंड भीती वाटते. हे बोलून दाखवले तर मी असंवेदनशील ठरेन का? (एक कर्मचारी, अंबड)

मुळीच नाही. भीती किंवा ॲलर्जी ही कोणाच्या हक्कावर हरकत नसते; ती माहिती असते, आणि ती वेळेवर द्यायला हवी. व्यवस्थापनाला सांगून तुमची जागा दूर ठेवून घ्या, कुत्रा कोणत्या दाराने, साधारण किती वाजता येईल हे ठरवून घ्या. सहकाऱ्याशी थेट बोललात तर अधिक बरे. आपल्या कुत्र्यामुळे कोणी बिचकत असेल तर त्यांनाही ते आधी कळलेले चालते. कुत्रा जवळून गेला तर धावू नका, हात वर उचलू नका, नजर दुसरीकडे ठेवून उभे राहा. असा कुत्रा तुमच्याकडे दुर्लक्षच करेल, कारण ते त्याला शिकवलेले असते.

प्रश्न : कुत्र्यासह रेल्वेने आणि विमानाने प्रवास कसा करावा? (एक दृष्टिहीन वाचक, देवळाली कॅम्प)

रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांनुसार प्रवाशासोबत कुत्रा फक्त वातानुकूलित प्रथम श्रेणीत नेता येतो, तोही दोन शायिकांचा कूपे किंवा चार शायिकांची केबिन पूर्ण आपल्या नावे असेल तर. एरवी त्याला सामानाच्या डब्यातील पेटीतून पाठवावे लागते. चेअरकारमध्ये, शयनयानात किंवा द्वितीय श्रेणीत त्याला नेता येत नाही, त्यामुळे सकाळी मुंबईला जाऊन रात्री परतण्याचा नाशिककरांचा नेहमीचा प्रवास कुत्र्यासह अवघड होतो. पेटीचा पर्याय मी सुचवणार नाही. उन्हाळ्यात तर नाहीच. दूरच्या गाडीचे आरक्षण असेल, तर लसीकरणाची पुस्तिका आणि एक-दोन दिवसांपूर्वीचा आरोग्याचा दाखला घेऊन नाशिक रोड स्थानकाच्या पार्सल कार्यालयात आगाऊ नोंद करावी.

विमानात प्रशिक्षित सहायक श्वानाला प्रवाशाच्या पायाशी, केबिनमध्ये नेण्याची सोय कंपन्या करतात. मात्र तिकीट काढतानाच आणि प्रवासाच्या किमान ४८ तास आधी लेखी कळवावे, आणि आलेले उत्तर मोबाइलमध्ये जपून ठेवावे. विमानतळाच्या दारावरील माणसाला तुमच्या तोंडी सांगण्यापेक्षा कंपनीचा संदेश लवकर पटतो, हे दुर्दैवी असले तरी खरे आहे.

प्रश्न : २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीला रामकुंडावर कुत्र्यासह जाता येईल का? (तेच वाचक)

पर्वणीच्या दिवशी कुत्र्याला घरी ठेवावे आणि माणसाच्या सोबतीने जावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्या गर्दीत कुत्र्याला पाऊल टाकायला जागा राहत नाही, त्याच्या पंजावर पाय पडतात आणि ध्वनिक्षेपकांच्या आवाजात तुमची आज्ञा त्याला ऐकू येत नाही. हेच दिवाळीच्या फटाक्यांना आणि आपल्या रहाडींच्या, म्हणजे रंगाच्या हौदांच्या, रंगपंचमीलाही लागू आहे. एरवी गोदाघाटावर सकाळी लवकर जरूर जा. मंदिरात मात्र आधी विचारून, दाराबाहेर कोणाजवळ तरी त्याला थांबवून जावे. दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान असतात, हे सांगून पुजाऱ्यांशी वाद घालता येईल. मी तो घालणार नाही.

उन्हाचे एक भान ठेवा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहा. ती टेकवता आली नाही, तर त्या रस्त्यावर कुत्र्याचे पंजेही भाजतील.

प्रश्न : आमच्या भावाचा कुत्रा आता दहा वर्षांचा आहे आणि चालताना थकतो. त्याचे काम केव्हा थांबवावे? (एक बहीण, सिन्नर)

आताच. कडेला थांबण्यास उशीर होणे, पायरी चढताना कुरकुरणे, हार्नेस दाखवताच मागे सरणे, यांपैकी काहीही दिसले तर दृष्टी, सांधे आणि हृदय तपासून घ्यावे. पण बहुतेक कुत्रे आठ ते दहा वर्षांच्या सुमारास निवृत्त होतात, आणि तुमचा त्या वयाचा आहे. निवृत्तीनंतर तो घरातच राहू शकतो. अडचण येते ती दुसरा कुत्रा आल्यावर : रोज सकाळी हार्नेस दुसऱ्याच्या गळ्यात पडताना पाहून जुना कुत्रा दारात अडून बसतो. तेव्हा त्याला त्याच वेळी घरातील दुसऱ्या कोणी तरी फिरायला न्यावे. दुसरा कुत्रा येईपर्यंत भाऊ काही महिने पुन्हा काठीवर येतील, आणि तेव्हा त्यांची चिडचिड झाली, तर तिचे कारण बहुधा हेच असेल.

प्रश्न : मी रिक्षा चालवतो. कुत्रा असलेले अंध गिऱ्हाईक घ्यावे की नाही, असा प्रश्न पडतो. गाडी खराब झाली तर? (एक रिक्षाचालक, द्वारका)

घ्यावे. कुत्रा सीटवर बसत नाही. तो पायांच्या जागेत, माणसाच्या पायाशी बसतो. आधी माणूस चढेल की कुत्रा, हे त्यांनाच ठरवू द्या आणि दोघे स्थिर झाल्याचे विचारूनच रिक्षा हलवा. केसांची चिंता असेल तर एक जुनी चादर जवळ ठेवा. उतरवताना रिक्षा गटाराच्या किंवा खड्ड्याच्या तोंडाशी उभी करू नका, आणि ‘दार तुमच्या उजव्या हाताला दहा पावलांवर आहे, मध्ये एक पायरी आहे’ असे तोंडाने सांगा; ‘ते बघा तिकडे’ म्हणून उपयोग नाही. सुटे पैसे परत देताना प्रत्येक नोट किती रुपयांची हे मोजून हातात द्या. भाडे ठरले तेवढेच घ्या, कुत्र्याचे वेगळे मागू नका.